एमआरआय (चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा)

शरीर न उघडता, एक्स-रेही न वापरता, जोरदार चुंबक आणि रेडिओ लहरींच्या मदतीनं आतल्या मऊ भागांची चित्रं काढायची तपासणी. मेंदू, मणका, सांध्यांतले लिगामेंट आणि कूर्चा यांच्यासाठी ती विशेष कामाची. कोशात 'चुंबकीय अनुस्पंदन' असा शब्द मिळतो पण इंदुरातल्या मराठी घरांत तो कुणी बोलत नाही, तिथे एमआरआय ही एक 'जाँच' असते आणि ती 'करवून घेतात'. सीटी स्कॅनशी तिची नेहमी गल्लत होते कारण दोन्हीकडे माणूस टेबलासकट गोल मशीनमध्ये सरकतो, पण सीटीत एक्स-रे असतात, एमआरआयमध्ये नसतात.

शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन भरपूर असतो आणि त्याचं केंद्रक छोट्याशा चुंबकासारखं वागतं, मशीनच्या चुंबकात ही केंद्रकं एका दिशेला लागतात. रेडिओ लहरीचा झटका बसला की ही केंद्रकं ढळतात, परत जागेवर येताना सिग्नल देतात, आणि कुठल्या ऊतकात परत यायला किती वेळ लागतो त्यावरून चित्रातलं काळं-पांढरं ठरतं. 1.5 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या जोराचं एकक) मशीनमध्ये ही लहर साधारण 64 मेगाहर्ट्झची, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडी खाली.

शोध नेमका कुणाचा, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. मूळ तत्त्व भौतिकशास्त्रज्ञ इसिडोर राबी यांनी 1938 च्या सुमारास रेणूंच्या झोतात दाखवलं, पुढे फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी वेगवेगळं काम करून ते द्रव-घन पदार्थांत दाखवलं (वर्ष सहसा 1946 देतात, प्रयोग मात्र 1945 च्या शेवटापासून चालू होते) आणि दोघांना 1952 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी हर्मन कार यांच्या हार्वर्डच्या प्रबंधात एका मितीतलं चित्र म्हणता येईल असं काहीतरी होतं, पण तेव्हा त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. खरा तंटा डॉक्टर रेमंड डमेडियन आणि रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांचा. डमेडियननी 1971 मध्ये दाखवलं की उंदरांच्या गाठींचा सिग्नल निरोगी ऊतकापेक्षा वेगळा येतो, म्हणजे या तंत्राचा वैद्यकात उपयोग आहे हे ठसवलं त्यांनी, आणि 3 जुलै 1977 ला जिवंत माणसाच्या छातीचं पहिलं स्कॅन त्यांच्याच मशीनवर झालं, त्याला पावणेपाच तासांच्या आसपास लागले. पण सिग्नल शरीरात नेमका कुठून येतोय ते कळल्याशिवाय चित्र होत नाही, आणि ती युक्ती, म्हणजे मुख्य चुंबकावर दुसरं उतरतं क्षेत्र चढवून जागा ओळखायची, लॉटरबर यांची. 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकानं त्यांचा लेख आधी परत केला होता, 1973 मध्ये छापला, त्यातलं चित्र होतं पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं. नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफील्ड यांनी गणित आणि वेग आणला. 2003 चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड या दोघांनाच मिळालं, नियमानं ते तिघांपर्यंत वाटता येत असूनही, आणि डमेडियननी मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. चित्र काढायची पद्धत लॉटरबर यांचीच धरणं जास्त बरोबर वाटतं, पण डमेडियनचं नाव गाळून हा इतिहास सांगता येत नाही. 'न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स' या आधीच्या नावातला 'न्यूक्लिअर' हा शब्द 1980 च्या दशकात गळला, लोक घाबरतात म्हणून, असं कारण सहसा देतात. त्याचा अर्थ फक्त अणूचं केंद्रक एवढाच होता, किरणोत्साराशी संबंध नाही.

पेशंटनं सगळ्यात आधी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे चुंबक कधीच बंद नसतो. तो उणे 269 अंशांच्या द्रव हेलियममध्ये ठेवलेला अतिसंवाहक (म्हणजे वीज अडथळ्याशिवाय फिरत राहते असा) चुंबक असतो, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट, मशीन गप्प असलं तरी आणि रात्री सेंटरला कुलूप असलं तरी चालूच. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खोलीत गेलेला पेशंटचा नातेवाईक सिलिंडरसकट मशीनकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. म्हणून दाराशी किल्ल्या, मोबाइल, पिना, बेल्ट, हिअरिंग एड सगळं काढायला लावतात, सोबतच्या माणसालासुद्धा. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण चित्र बिघडतं आणि कधी तापतं, त्यामुळे मंगळसूत्र आणि जोडवीही उतरवतात. चाळीस-पन्नास वर्षं बोटात असलेली जोडवी सहज निघत नाहीत, माझ्या डोळ्यांदेखत एका आजींच्या बोटांना टेक्निशियन बाईंनी खोबरेल चोळून, गोल गोल फिरवत, हळूहळू ती काढली आणि रुमालात बांधून सुनेच्या हातात दिली, आजी तोवर डोळे मिटून बसल्या होत्या. हे घरूनच करून गेलं तर बरं.

पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर आधी सांगायचं आणि त्याचं कार्ड सोबत न्यायचं, नवे पेसमेकर काही अटींवर चालतात. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांत लेथ किंवा ग्राइंडरवर काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का हे नक्की सांगावं, शंका असेल तर आधी डोळ्याचा एक्स-रे काढतात. गुडघा बदललेल्यांना सहसा अडचण येत नाही, तरी सांगायचंच.

तपासणीला भागानुसार 20 ते 45 मिनिटं लागतात. आत ठकठक, घरघर, मधेच भोंग्यासारखा आवाज, कानात बोळे किंवा हेडफोन देतात, हातात दाबायचा फुगा असतो, तो दाबला की बाहेरचे लगेच बोलतात. मशीन बिघडलंय असं वाटतं पण तो आवाज मशीनमधल्या कॉइल (तारांची वेटोळी) भराभर चालू-बंद होण्याचा. कोंडल्यासारखं होत असेल तर आधीच सांगावं, डोळ्यांवर घडी केलेला रुमाल ठेवला तरी पुष्कळांना बरं वाटतं. चित्रात काही भाग ठळक दिसावेत म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन द्यायचं असेल तर किडनीची, म्हणजे क्रिएटिनिनची तपासणी बघतात. गरोदरपणात हे इंजेक्शन शक्यतो देत नाहीत.

रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात, टेक्निशियनला विचारून उपयोग नाही. मणक्याच्या रिपोर्टात 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली) वाचून माणसं हादरतात, पण पाठ अजिबात न दुखणाऱ्यांतही वयाप्रमाणे असे बल्ज सर्रास दिसतात. रिपोर्टात लिहिलेलं 'क्लिनिकल कोरिलेशन' म्हणजे तुम्हाला हातानं तपासलेल्या डॉक्टरनं हे चित्र तुमच्या त्रासाशी जुळवून बघावं, म्हणून नुसता कागद नाही तर फिल्म आणि सीडीही त्यांच्याकडे न्यायची, आणि जुनं स्कॅन असेल तर तेसुद्धा.