औषधाने अपाय झाला तर पुण्यातून तक्रार कुठे, कशी करायची

आधी ती स्ट्रिप जपून ठेवा. मेडिकलवाला दहाच्या पाकिटातून चार गोळ्या कात्रीने कापून देतो आणि बॅच नंबर, मुदत छापलेली कड बहुतेक वेळा त्याच्याच ट्रेमध्ये राहते. घरी येतो तो तुकडा अर्ध्यामुर्ध्या नावाचा. तक्रार कुठेही नेली तरी पहिला प्रश्न बॅचचाच येतो. ऑक्टोबर 2025 मध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपबद्दल राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, तोही एसआर-13 या एका बॅचचा. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात ते सिरप घेतलेली मुलं दगावली होती आणि तामिळनाडूत झालेल्या तपासणीत त्या बॅचमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं होतं. तेव्हा कडेची गोळी मागून घ्या, नाहीतर बिलावर बॅच लिहिली आहे का ते काउंटरवरच बघा. जास्त खपाच्या 300 ब्रँडच्या, 1 ऑगस्ट 2023 नंतर तयार झालेल्या मालावर क्यूआर कोड किंवा बारकोड असतो, त्यातही बॅच आणि उत्पादन परवाना क्रमांक मिळतो. फक्त तो कधीकधी बाहेरच्या खोक्यावर असतो, आणि खोकं आपण पहिल्याच दिवशी टाकून देतो.

पुढचे रस्ते तीन आहेत. ते एकमेकांत मिसळले की अर्ज फिरत राहतो.

पहिला रस्ता दुष्परिणामाच्या नोंदीचा. अंगावर चट्टे उठले, चक्कर आली, म्हणजे औषध बोगस असतंच असं नाही. उत्तम बनलेलं औषधही एखाद्याला बाधतं. ही नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे जाते. टोल फ्री क्रमांक 1800-180-3024. रुग्णांसाठीचा साधा फॉर्म मराठीतही आहे. नावाची आद्याक्षरं, वय, औषध कशासाठी घेतलं, कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला आणि औषध थांबवल्यावर कमी झाला का, एवढं नीट लिहा. इथे कोणाला शिक्षा होत नाही, भरपाईही मिळत नाही. सांध्याचा इम्प्लांट, स्टेंट अशा उपकरणांची नोंदही इथेच होते. त्यासाठी खोक्यावरचं लॉट किंवा सिरीयल नंबराचं स्टिकर लागतं, ते रुग्णालयाच्या फाइलमध्ये चिकटवलेलं असतं.

दुसरा रस्ता दर्जाचा. गोळी फुटते, सिरपचा रंग बदललाय, इंजेक्शनच्या बाटलीत कण तरंगताहेत, छपाईच संशयास्पद आहे, तर अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावे लेखी अर्ज द्या. हेल्पलाइन 1800-222-365 आहे, पण फोनवर थांबू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात विचारायला गेल्यावर अर्ज सापडत नाही. सोबत बिल, प्रिस्क्रिप्शन आणि लेबलच्या चारही बाजूंचे फोटो जोडा. उरलेलं औषध मूळ बाटलीतच, झाकण लावून, लेबलवर लिहिलंय तसं ठेवा. वाटीत किंवा दुसऱ्या डबीत काढलेलं औषध कामातून गेलंच म्हणून समजा.

इथे एक मेख आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 26 नुसार तुम्ही विकत घेतलेलं औषध फॉर्म 14-अ भरून, ठरलेली फी देऊन शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. अहवाल फॉर्म 14-ब मध्ये मिळतो. पण उघडलेल्या बाटलीवर कंपनीचं उत्तर तयार असतं: ‘तुमच्या घरी बिघडलं’. म्हणून अर्जात दुकानाचं नाव आणि बॅच देऊन औषध निरीक्षकाने तिथून त्याच बॅचचा नमुना घ्यावा अशी स्पष्ट मागणी करा. तो रीतसर नमुना चार भागांत सीलबंद होतो आणि त्यातला एक भाग दुकानदाराकडेच राहतो. विश्लेषकाच्या अहवालाला आव्हान द्यायला प्रत मिळाल्यापासून 28 दिवस असतात. बनावट किंवा भेसळीच्या औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर किमान 10 वर्षं कैद आणि किमान 10 लाखांचा दंड आहे, आणि दंडाची रक्कम बाधित व्यक्तीला किंवा तिच्या वारसाला द्यायची तरतूद त्याच कायद्याच्या कलम 27 मध्ये आहे. ही तरतूद फार कमी जण मागतात. खटला निरीक्षकच नव्हे, बाधित व्यक्ती स्वतःही दाखल करू शकते.

तिसरा रस्ता भरपाईचा, म्हणजे पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये उत्पादन दायित्व, म्हणजे सदोष मालाने झालेल्या इजेची जबाबदारी, हे वेगळं प्रकरणच आहे. औषध हिमाचलात बनलेलं असलं तरी तक्रारदार कोथरूडला राहतो किंवा हिंजवडीत नोकरी करतो, म्हणून दावा पुण्यात चालतो. पैसे मोजून औषध घेणारा, त्याच्या संमतीने ते वापरणारा, अल्पवयीनाचे पालक आणि मृत्यू झाल्यास वारस, यांपैकी कोणीही तक्रार करू शकतं. तक्रार ई-जागृती पोर्टलवरही भरता येते आणि वकील सक्तीचा नाही. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. इथे मोजायची ती औषधाला दिलेली किंमत, मागितलेली भरपाई नव्हे. किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, म्हणजे औषधाच्या बहुतेक प्रकरणांत शून्यच.

तक्रारीला शपथपत्र, बिल, प्रिस्क्रिप्शन, आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट, खर्चाच्या पावत्या जोडायच्या. रुग्णालय फाइल देत नसेल तर लेखी मागणी करा. मागणीपासून 72 तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तक्रार अडते ती बहुधा कार्यकारणावर. ‘औषध घेतलं आणि मूत्रपिंड गेलं’ एवढं पुरत नाही. त्या औषधाने हे झालं असं म्हणणारं तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी मत हवं. गरज पडल्यास आयोग स्वतः नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो, अहवालाला 45 दिवसांची मुदत असते. निकालाला कायद्यात तपासणीसह 5 महिने सांगितले आहेत; वर्ष-दोन वर्षं धरून चाला.

दुकानदारालाही प्रतिवादी करायचं का? उत्पादक कोण हेच कळत नसेल, किंवा माल ठेवण्यात त्याची हयगय असेल तर जरूर करा. ग्राहक कायद्याचं कलम 87 मात्र आधी वाचून घ्या: उत्पादनाचा गैरवापर किंवा त्यात फेरफार झाला असेल तर विक्रेत्यावर दावा टिकत नाही, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेतलेल्या प्रिस्क्रिप्शनच्या औषधाच्या अमलाखाली असाल तर पुरेसा इशारा किंवा सूचना न दिल्याच्या दाव्यातून उत्पादकालाही पळवाट मिळते. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेल्या गोळीची तक्रार इथेच अडखळते.

मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. प्रशासनाच्या अहवालाची वाट बघत ती उलटून गेली, असं होऊ देऊ नका. प्रशासनाकडचा अर्ज आणि ग्राहक आयोगातली तक्रार, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.