लाल अष्टकोन आणि न थांबणारी चाकं

स्टॉपची लाल पाटी दिसली की वेग थोडा कमी करायचा, रस्ता मोकळा वाटला की गाडी तशीच पुढे काढायची. ही सवय चालकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की आपण नियम मोडला हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. या पाटीचा इतिहास पाहिला की ही सवय कशी लागली असावी याचा थोडा अंदाज येतो.

पहिली स्टॉपची पाटी १९१५ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात लागली, असं मानलं जातं. ती पांढरी आणि चौकोनी होती, अक्षरं काळी. अष्टकोनाची कल्पना १९२३ची. मिसिसिपी खोऱ्यातल्या राज्यांच्या महामार्ग खात्यांनी तेव्हा ठरवलं, की धोका जितका मोठा तितक्या पाटीच्या बाजू जास्त. रेल्वे फाटकाला वर्तुळ, म्हणजे जणू अगणित बाजू, त्याखालोखाल धोक्याच्या चौकाला अष्टकोन. अक्षरं बर्फाने झाकली गेली किंवा पाटी मागच्या बाजूने दिसली, तरी आकारावरून ती ओळखता येते. उन्हापावसात टिकणारा लाल रंग मिळत नव्हता, म्हणून ती बरीच वर्षं पिवळी होती. १९५४ मध्ये लाल झाली. रस्त्यावरच्या चिन्हांविषयीच्या १९६८च्या व्हिएन्ना करारात अष्टकोनाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जपानने मात्र लाल उलटा त्रिकोण ठेवला.

एवढा सगळा खटाटोप झाला तो पाटी नजरेत भरावी म्हणून. पण दिसूनही न थांबणाऱ्यावर रंग आणि आकार काय करणार? त्यात पाट्यांचा अतिवापर झाला. गाड्या सुसाट जातात अशी तक्रार आली की लावा स्टॉपची पाटी! अमेरिकेची अधिकृत नियमावली सांगते, की वेग आवरण्यासाठी ही पाटी वापरू नये. ते योग्यच आहे. जिथे समोरून कधीच कोणी येत नाही तिथे रोज थांबायला लावलं, की चालक पाटीला जुमानेनासा होतो आणि तीच सवय घेऊन खऱ्या धोक्याच्या चौकात शिरतो.

तिथे काय होतं ते नीट पाहायला हवं. ताशी २० किलोमीटर हा वेग किरकोळ वाटतो, पण एका सेकंदात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. समोरच्या काचेच्या कडेला असलेल्या खांबाआड एक अख्खी दुचाकी लपू शकते. गाडी आणि दुचाकी दोन्ही आपापला वेग न बदलता चौकाकडे येत असतील, तर ती शेवटपर्यंत त्या खांबाआडच राहू शकते. चालकाने मान वळवून पाहिलं तरी त्याला रस्ता रिकामाच दिसतो. गाडी पूर्ण थांबली की हा मेळ तुटतो आणि दुचाकी खांबामागून बाहेर येते.

पादचाऱ्याची स्थिती याहून वाईट. वळण घेणाऱ्या चालकाचे डोळे ज्या बाजूने गाड्या येतात तिकडेच खिळलेले असतात. दुसऱ्या बाजूने रस्त्यावर पाऊल टाकणारं मूल त्याला दिसावं, यासाठी लागणारे दोन-तीन सेकंद फक्त थांबलेल्या गाडीतच मिळतात.