पाचचा पुडा पाचलाच, पण आतलं वजन?

बिस्किटाचा पाचचा पुडा वर्षानुवर्षं पाचलाच, भुजियाचा दहाचा पुडा दहालाच, आणि तरी महिन्याचा किराणा वाढतच चाललाय, कारण किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी केलं जातं. 2022 मध्ये पेपरात याच्या बातम्या आल्या तेव्हा बऱ्याच लोकांना वाटलं की हे सगळं युक्रेनच्या युद्धामुळे सुरू झालं, पण ही पद्धत त्याच्या खूप आधीची आहे.

पाकीटबंद मालावर काय काय छापायचं याचे नियम आपल्याकडे 1977 मध्ये आले. 1990 पासून सगळे कर धरून एमआरपी छापायची सक्ती आली. नियम चांगलाच होता, पण त्यामुळे गिऱ्हाईकाची नजर त्या एका आकड्यावर बसली ती बसलीच. त्याच सुमाराला छोट्या पाकिटांचा जमाना आला, तामिळनाडूत कडलूरला सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये चिक शाम्पू पाऊचमध्ये विकायला सुरुवात केली आणि पुढे चहा, कॉफी, बिस्किटं, नमकीन सगळंच एक-दोन-पाच रुपयांत मिळायला लागलं. हातावर पोट असलेल्या माणसाला रोजच्या कमाईतून रोजचं सामान घेता आलं, हा फायदा खराच आहे. पण किंमत एकदा नाण्याला बांधली की वाढवायची कशी? पाचचे सव्वापाच होत नाहीत, 30 जून 2011 नंतर तर पावलीच चलनातून गेली.

पार्ले-जीचंच बघा ना, आपल्या विलेपार्ल्याच्या कंपनीचं बिस्किट. चार रुपयांना 100 ग्रॅम असा पुडा कित्येक वर्षं होता, मध्ये 50 पैसे वाढवून पाहिले तर विक्री पडली आणि वाढ मागे घ्यावी लागली. मग 2008 च्या सुमाराला वजनच खाली आलं, आधी 92.5 ग्रॅम, मग 88, पुढे किंमत पाच झाली आणि 2022 पर्यंत पाचच्या पुड्यात 55 ग्रॅम राहिले. म्हणजे ग्रॅममागे चार पैसे होते ते नऊ पैसे झाले. याला मी लूट म्हणणार नाही, कारण 1996-97 च्या हंगामात गव्हाचा हमीभाव 380 रुपये क्विंटल होता आणि 2022-23 ला 2015, त्या मानाने बिस्किट कमीच महागलं. माझा राग आहे तो गुपचूप करण्यावर.

आता कायद्याकडे या. 2012 च्या नोव्हेंबरपासून चहा, बिस्किटं, खाद्यतेल, पीठ, मीठ अशा 19 वस्तू ठरलेल्या वजनातच विकायची सक्ती होती. नोव्हेंबर 2021 मध्ये ही यादी असलेलं नियमांचं परिशिष्टच काढून टाकायची अधिसूचना निघाली आणि 2022 मध्ये ते गेलं. नेमकं त्याच वर्षी फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, सूर्यफूल तेल अडकलं, एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, आणि आपण तर निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. दहाच्या आलू भुजियाचं वजन 55 ग्रॅमवरून 42 वर आलं, विम बार 155 चा 135 झाला. तेलाच्या पिशवीत तर आणखी वाईट, लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, पण शेजारी हुबेहूब तशीच पिशवी 850, 800, अगदी 750 ग्रॅमची लटकलेली असते आणि घाईत माणूस ती स्वस्त म्हणून उचलतो.

परिशिष्ट काढताना सरकारने बदल्यात एक गोष्ट दिली, ग्रॅममागे किंवा किलोमागे काय दर पडतो तो पाकिटावर छापायचा. कल्पना उत्तम आहे, पण किलोच्या आतल्या मालाला दर ग्रॅमचा, आणि तो रुपयांत दोन दशांशांपर्यंत. पाच रुपयांत 66 ग्रॅम दिले तरी 0.08 रुपये येतात आणि 59 दिले तरी 0.08 च! सात ग्रॅम गेले आणि आकडा हललाच नाही. हाच दर 100 ग्रॅममागे छापला असता तर 7.58 चे 8.47 झालेले कुणालाही दिसले असते. आणि याचा फटका सगळ्यात जास्त कुणाला, तर पाच-दहाचंच पाकीट घेणाऱ्याला, मोठा पॅक परवडणाऱ्याला तेवढा नाही.

22 सप्टेंबर 2025 ला बिस्किटांवरचा जीएसटी 18 चा 5 टक्के झाला तेव्हा उलटी अडचण आली. पाचचा पार्ले-जी 4.45 ला आला, आता 55 पैसे सुट्टे कोण देणार? कंपन्यांचं म्हणणं होतं की किंमत तीच ठेवून वजन वाढवतो, तर त्याच महिन्यात दिल्ली हायकोर्टाने दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलं की कर कमी झाल्याचा फायदा किंमत उतरवूनच द्यायला हवा, माल वाढवून चालणार नाही. वजन वाढवायचं म्हटलं तर एवढा खल होतो, पण कमी करताना नवं वजन बरोबर छापलं की झालं, आधी किती होतं ते सांगायची सक्ती नाही. फ्रान्सने 1 जुलै 2024 पासून मोठ्या दुकानांना अशा मालाजवळ दोन महिने पाटी लावायला लावली, जुनं वजन, नवं वजन आणि दर किती वाढला ते लिहून. आपल्याकडे निदान पुड्यावरच जुनं वजन सहा महिने छापायला लावा, तेवढी जागा तिथे नक्की आहे.