‘इंट्रोव्हर्ट’ हा शब्द युंगने घडवलेला नाही

‘इंट्रोव्हर्ट’ हा शब्द स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने घडवला आणि त्याचा अर्थ लाजाळू, असं सर्रास सांगितलं जातं. दोन्ही चूक.

मूळ लॅटिन: ‘इंट्रो’ म्हणजे आत, ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळवणे. इंग्रजीत ‘इंट्रोव्हर्ट’ हे क्रियापद सतराव्या शतकापासून आहे. धार्मिक लिखाणात ‘इंट्रोव्हर्शन’ म्हणजे ईश्वरचिंतनासाठी मन आत वळवणं. आपल्याकडचं ‘अंतर्मुख होणं’ याच्या बरंच जवळचं आहे.

एकोणिसाव्या शतकात हे नाम चक्क प्राणिशास्त्रात पोचलं. सायपनक्युला गटातल्या समुद्री कृमींच्या पुढच्या निमुळत्या भागाला ‘इंट्रोव्हर्ट’ म्हणतात. त्याच्या टोकाला तोंड असतं, बहुधा भोवती संस्पर्शक, म्हणजे बोटांसारखे लवचीक अवयव. धोका जाणवला की सदऱ्याची बाही उलटी करून आत ओढावी तसा स्नायू हा भाग धडात ओढून घेतात. (लाजाळू म्हणायचंच तर या कृमीला म्हणा!)

युंगने शब्दाला मानसशास्त्रीय अर्थ दिला आणि त्याच्या 1921 च्या जर्मन ग्रंथानंतर तो रुळला, एवढं श्रेय त्याचंच. पण त्याचा मुद्दा मानसिक ऊर्जेच्या दिशेचा होता: ओढा बाहेरच्या वस्तूंकडे की स्वतःच्या अंतर्विश्वाकडे. लाजाळूपणात लोक काय म्हणतील याची धास्ती असते. अंतर्मुख माणूस व्यासपीठ गाजवू शकतो, आणि बहिर्मुख माणसालाही चारचौघांत बोलताना घाम फुटू शकतो.