चार्ल्स बर्नेट : तीस वर्षे अडलेल्या चित्रपटाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९९० साली राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीसाठी निवडलेल्या चित्रपटांत ‘द गॉडफादर’बरोबर ‘किलर ऑफ शीप’ हे नावही होते. पुढच्या पिढ्यांसाठी जतन केलाच पाहिजे असे ज्याच्याबद्दल ठरले, तो चित्रपट त्या वेळी चित्रपटगृहांत रीतसर प्रदर्शितही झालेला नव्हता. कृष्णवर्णीय अमेरिकी दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट यांची ही पहिली पूर्ण लांबीची कलाकृती १९७७ मध्ये तयार झाली आणि २००७ मध्ये लोकांपुढे आली. बर्नेट यांची कारकीर्द समजून घ्यायची तर या तीस वर्षांचा हिशेब आधी लावावा लागतो, कारण चित्रपट करणे त्यांना कधी जड गेले नाही. केलेला चित्रपट प्रेक्षकापर्यंत पोहोचवण्याची वाट मात्र वारंवार बंद झाली.

बर्नेट यांचा जन्म १३ एप्रिल १९४४ रोजी मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्सबर्ग येथे झाला. दक्षिणेतला वंशभेद आणि बेकारी मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडे व पश्चिमेकडे निघाली होती. बर्नेट लहान असतानाच त्यांचे कुटुंबही लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात येऊन राहिले. वॉट्समधले शेजारी बहुतेक दक्षिणेतूनच आलेले, त्यामुळे तिकडची बोली, देवभक्ती, लोककथा आणि अंधश्रद्धाही त्या वस्तीत नांदत होत्या. ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स पेटले आणि त्या दंगलीत ३४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर वर्तमानपत्रांना आणि दूरचित्रवाणीला वॉट्स दिसले ते जळत्या दुकानांपुरतेच. रोज सकाळी उठून कामावर जाणारी माणसे त्या चित्रात कुठेच नव्हती.

वीजतंत्री होण्याच्या विचाराने बर्नेट यांनी आधी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले आणि मग ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील चित्रपट विभागात दाखल झाले. तेथे ब्रिटिश माहितीपटकार बॅसिल राइट यांच्याकडून ते शिकले. ज्याचे चित्रण करतो त्या माणसाचा मान राखायचा, हा राइट यांचा आग्रह बर्नेट यांच्या प्रत्येक चित्रपटात उतरलेला दिसतो. त्याच काळात इलिसिओ टेलर या कृष्णवर्णीय प्राध्यापकांच्या प्रयत्नांतून अल्पसंख्य समाजातील विद्यार्थ्यांसाठी विभागाचे दरवाजे उघडले. हायले गेरिमा, ज्युली डॅश, बिली वुडबेरी ही मंडळी या विभागातून घडली आणि पुढे त्यांना ‘एल. ए. रिबेलियन’ म्हणजे ‘लॉस एंजेलिसचे बंड’ हे नाव पडले. गुंड, दलाल आणि बंदुका यांच्या जोरावर कृष्णवर्णीय प्रेक्षकांकडून पैसा काढणारे चित्रपट हॉलिवूड त्या वेळी धडाक्याने काढत होते, आणि या विद्यार्थ्यांना नेमके तेच नको होते. एकमेकांच्या चित्रपटांत ते पडेल ते काम करीत. वुडबेरी यांच्या ‘ब्लेस देअर लिटल हार्ट्स’ची पटकथा आणि छायाचित्रण बर्नेट यांचेच आहे.

‘किलर ऑफ शीप’ हा बर्नेट यांचा पदव्युत्तर पदवीचा प्रबंध. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन या सगळ्याची जबाबदारी त्यांनी स्वतःच उचलली. १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर, मुख्यतः शनिवार-रविवारी, वस्तीतल्याच माणसांना आणि मुलांना हाताशी धरून केलेल्या या चित्रपटाचा खर्च दहा हजार डॉलरच्याही आत राहिला. मेंढ्यांच्या कत्तलखान्यात राबणारा स्टॅन हा त्याचा नायक. त्याला झोप लागत नाही आणि बायकोच्या मायेलाही त्याच्याकडून प्रतिसाद मिळत नाही. एका प्रसंगात तो आणि त्याचा मित्र पदरचे पैसे मोडून गाडीचे जुने इंजिन विकत घेतात, जिन्यावरून कसेबसे खाली आणतात आणि उघड्या ट्रकच्या अगदी कडेला टेकवतात. दमलेला मित्र ते आणखी आत ढकलायला तयार होत नाही. ट्रक चढावर निघताच इंजिन रस्त्यावर आदळून निकामी होते. कोणी आरडाओरडा करत नाही. कॅमेरा निघालेल्या ट्रकमधून मागे पाहत राहतो आणि रस्त्यात पडलेले इंजिन लहान होत जाते. गरिबीवर भाषण न देता गरिबीची रीत इतकी अचूक दाखवणारा प्रसंग अमेरिकी चित्रपटांत क्वचितच सापडेल, असे माझे ठाम मत आहे.

हा चित्रपट अडला तो त्यातल्या गाण्यांपायी. कृष्णवर्णीय संगीताचा इतिहासच ध्वनिपटावर यावा, या हेतूने बर्नेट यांनी पॉल रोबसन, लुई आर्मस्ट्राँग, डायना वॉशिंग्टन यांची ध्वनिमुद्रणे वापरली होती. विद्यापीठातल्या प्रबंधाला त्यांच्या हक्कांची अडचण नव्हती, परंतु व्यावसायिक प्रदर्शनासाठी प्रत्येक गाण्याची परवानगी विकत घेणे भाग होते आणि तेवढा पैसा कोणाजवळ नव्हता. बर्लिन महोत्सवात १९८१ साली समीक्षकांचा पुरस्कार मिळूनही झिजलेल्या प्रती महाविद्यालये, संग्रहालये आणि महोत्सव यांच्यातच फिरत राहिल्या. अखेर विद्यापीठाच्या अभिलेखागाराने तो ३५ मिलिमीटरवर पुनरुज्जीवित केला आणि माइलस्टोन या छोट्या वितरण संस्थेने हक्कांसाठी सुमारे दीड लाख डॉलर उभे केले. म्हणजे चित्रपट करायला जेवढे लागले, त्याच्या पंधरापटीहून अधिक रक्कम तो दाखवण्याची मुभा मिळवण्यात गेली. त्यात दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग यांनीही मोठा वाटा उचलला.

दुसऱ्या चित्रपटाची कथा वेगळी, तरी फळ तेच. ‘माय ब्रदर्स वेडिंग’ १९८३ मध्ये झाला. संकलन पुरे होण्याआधीच निर्मात्यांनी कच्ची प्रत न्यूयॉर्कच्या महोत्सवात पाठवली, परीक्षणे थंड आली आणि वितरक फिरकले नाहीत. बर्नेट यांना मनासारखे संकलन करता आले ते २००७ मध्ये. दरम्यान १९८८ मध्ये त्यांना प्रतिभावंतांना दिली जाणारी मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली आणि १९९० मध्ये डॅनी ग्लोव्हर या नामांकित नटाच्या सहभागामुळे ‘टू स्लीप विथ अँगर’ उभा राहिला. दक्षिणेतून आलेला एक जुना ओळखीचा पाहुणा लॉस एंजेलिसमधल्या सुस्थिर कुटुंबात मुक्काम ठोकतो आणि घर आतून विसकटू लागते, एवढीच गोष्ट. पण वॉट्समध्ये ऐकलेल्या लोककथा आणि शकुन-अपशकुन तिच्यात पुरेपूर मुरलेले आहेत. स्वतंत्र चित्रपटांच्या सनडान्स महोत्सवात विशेष ज्युरी पुरस्कार मिळूनही तो मोजक्याच चित्रपटगृहांत लागला. पुढे ‘नाइटजॉन’सारखी उत्तम कामे त्यांनी दूरचित्रवाणीसाठी केली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ऑस्कर अकादमीने बर्नेट यांना मानद पुरस्कार दिला आणि त्याच वर्षी ‘टू स्लीप विथ अँगर’ही राष्ट्रीय नोंदवहीत गेला. स्पर्धेतल्या ऑस्करसाठी त्यांना एकदाही नामांकन मिळालेले नव्हते. जेम्स अर्ल जोन्स आणि लिन रेडग्रेव्ह यांच्या भूमिका असलेला त्यांचा ‘द अ‍ॅनायलेशन ऑफ फिश’ १९९९ मध्ये टोरंटो महोत्सवात दाखवला गेला होता, पण एका प्रतिकूल परीक्षणानंतर त्याला वितरकच मिळाला नाही. तो अमेरिकी चित्रपटगृहांत लागला २०२५ मध्ये, बर्नेट ८० वर्षांचे असताना. जोन्स आणि रेडग्रेव्ह हे दोघेही तोवर हयात नव्हते.