लिटल बॉय आणि फॅट मॅनची स्केल मॉडेल्स

जपानवर टाकलेल्या दोन अणुबॉम्बच्या छोट्या प्रतिकृती जमवायचा हा छंद. हिरोशिमावरचा लिटल बॉय (६ ऑगस्ट १९४५) आणि नागासाकीवरचा फॅट मॅन (९ ऑगस्ट १९४५), युद्धात वापरलेले अणुबॉम्ब आजवर हे दोनच, त्यामुळे पोस्टाची तिकिटं किंवा नाणी जमवणाऱ्यासारखे हजारो नग इथे नसतात. तीच दोन सोंगं वेगवेगळ्या स्केलमध्ये, आणि भांडणं सगळी अचूकतेवरून. काही जण ट्रिनिटी ह्या पहिल्यावहिल्या अणुचाचणीतलं 'गॅजेट' नाहीतर १९४४ मध्ये गुंडाळून ठेवलेला लांबुडका थिन मॅन बॉम्ब पण शेजारी मांडतात.

आधी मापं. लिटल बॉय साधारण ३ मीटर लांब, ७१ सेंमी जाड, वजन ४,४०० किलो. फॅट मॅन ३.२५ मीटर लांब पण जाडी दीड मीटर, वजन ४,६७० किलोच्या आसपास. म्हणजे १:७२ मध्ये लिटल बॉय जेमतेम सव्वाचार सेंमी, करंगळीपेक्षा छोटा, आणि असे नग हे बॉम्ब टाकणाऱ्या बी-२९ विमानाच्या काही किटमध्ये फुकटच येतात, बरेच जण ते विमानाच्या पोटात चिकटवून विसरून जातात. खरी मजा १:१२ ला सुरू होते. तिथे लिटल बॉय पाव मीटरचा होतो आणि फॅट मॅन अगदी असोल्या नारळाएवढा, तसाच पोट सुटलेला, मागे चौकोनी डब्यासारखं शेपूट. ह्या शेपटाच्या आत पट्ट्या असतात, बॉम्ब पडताना डगमगू नये म्हणून, त्याला 'कॅलिफोर्निया पॅराशूट' म्हणायचे. स्वस्त मॉडेलमध्ये ह्या पट्ट्या नसतातच, नुसता पोकळ डबा. घेताना आधी मागून बघावं.

आता बाहेरून कसा दिसतो हे तरी माहीत असायला हवं ना, तर युद्धानंतर १५ वर्षं तेच गुपित होतं. बॉम्बचे फोटो अमेरिकन सरकारने सोडले ते १९६० च्या डिसेंबरात. आणि आतलं तर सोडाच, ते अधिकृतपणे आजही पूर्ण बाहेर आलेलं नाही. म्हणून ह्या छंदातला सगळ्यात भारी माणूस कोणी शास्त्रज्ञ नाही, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक ट्रक ड्रायव्हर होता, जॉन कॉस्टर-मलन (२०२१ मध्ये वारला). १९९५ मध्ये बॉम्बहल्ल्याला ५० वर्षं होणार, तेव्हा मॉडेल्स बनवून विकू असा त्याचा साधा धंद्याचा विचार, सोबत द्यायला माहितीपत्रक लिहायला घेतलं आणि ते वाढत वाढत पुस्तकच झालं. टेप घेऊन म्युझियमांतली कवचं मोजायची, जुन्या लोकांना भेटायचं, फोटो ताडून बघायचे. लिटल बॉयमध्ये युरेनियमचा एक भाग तोफेसारखा दुसऱ्यावर डागून स्फोट घडवायचे. त्याने दाखवलं की त्यात भरीव तुकडा पोकळ भागात जाऊन बसायचा हे जे सगळे धरून चालले होते ते उलटं आहे, पोकळ कड्यांचा मोठा भाग डागला जायचा आणि तो छोट्या भागावर जाऊन बसायचा. मॉडेल नीट व्हावं म्हणून सुरू केलेल्या मोजमापातून हे निघालं! पुढे त्याने युटा राज्यातल्या वेंडोव्हरच्या जुन्या एअरफील्डवरच्या म्युझियमसाठी पूर्ण आकाराचा लिटल बॉयही केला, हे बॉम्ब टाकणाऱ्या बी-२९ च्या तुकडीने तिथेच सराव केला होता.

रंगाचा वाद मिटत नाही. लिटल बॉयचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे कोणी गडद हिरवा मारतं, कोणी करडा. फॅट मॅन पिवळा, मोहरीची पेस्ट असते तसा, आणि प्लेटांच्या जोडांवर गडद सीलंट फासलेलं. हे सीलंट एकसारख्या रेघेत मारलं की मॉडेल खोटं वाटतं कारण विमानं जिथून उडाली त्या टिनियन बेटावर ते घाईत फवारलेलं आहे, कडा ओबडधोबड, घरच्या गच्चीच्या भेगांवर डांबर लावावं तशी. नाकावर स्टेन्सिलने 'जे ए एन सी एफ यू' अशी अक्षरं, आर्मी, नेव्ही आणि सिव्हिलियन ह्यांनी मिळून घातलेला घोळ असा त्याचा सभ्य अर्थ, असभ्य अर्थ ज्याचा त्याने काढावा.

लिटल बॉयवर दोन गोष्टी शोधायच्या. एक, बाहेर आलेले बारीक अँटेना, जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रडारचे. हे यागी-उदा पद्धतीचे, म्हणजे आपल्याकडे गच्चीवर दूरदर्शनसाठी असायचे आणि कावळे बसून वाकडे व्हायचे तेच, आणि शोध कोणाचा तर १९२० च्या दशकातल्या दोन जपानी इंजिनिअरांचा. मॉडेलमध्ये सगळ्यात आधी मोडतात तेही हेच, धूळ झटकताना. दुसरी गोष्ट प्लग. विमान उडाल्यावर त्यातल्या मॉरिस जेप्सन ह्या बॉम्ब सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने तीन हिरवे प्लग काढून लाल लावले, तेव्हा बॉम्ब जिवंत झाला. १:१२ मध्ये हे रंगाचे ठिपके असतात फक्त. खरे प्लग, एक हिरवा आणि एक लाल, २००२ मध्ये लिलावात १,६७,५०० डॉलरला गेले, सरकारने कोर्टात अडवून बघितलं पण जमलं नाही.

लोकांना हा छंद खटकतो आणि खटकणारच, १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात अंदाजे १,४०,००० आणि नागासाकीत ७४,००० माणसं गेली. अल्बुकर्कीच्या अणुसंग्रहालयाच्या दुकानात ह्या बॉम्बच्या आकाराची कानातली विकत होते, ती जपानमधून निषेध आल्यावर १९९९ मध्ये काढली. माझं मत, कानातलं आणि मोजून केलेलं मॉडेल ह्यात फरक आहे, पण बघणाऱ्याला तो समजावून सांगायला लागतो हेही खरं. नागासाकीच्या म्युझियममध्येही पिवळा फॅट मॅन आहेच, पूर्ण आकाराचा, आणि तिथे तो बघायला शाळेच्या सहली येतात.

एक फसवणूक सांगून ठेवतो. फॅट मॅनच्याच आकाराचे साध्या स्फोटकांचे 'पंपकिन' बॉम्बही होते, सरावासाठी, त्यातले ४९ जपानवर टाकले. त्यामुळे फॅट मॅन म्हणून घेतलेल्या मॉडेलचे रंग आणि खुणा पंपकिनच्या निघतात कधीकधी, माझ्या कपाटातला एक तसाच आहे, किंमत मात्र अणुबॉम्बची मोजली.