ईश्वरसिद्धी : तर्क आणि निश्चितता

ईश्वर आहे की नाही हे युक्तिवादाने ठरवू पाहणाऱ्या वादात ‘सिद्ध झाले’ म्हणजे नेमके काय झाले, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. युक्तिवाद वैध असला की निष्कर्ष निश्चित झाला, असे होत नाही. आधारविधाने सत्य असतील तर निष्कर्षही सत्य असलाच पाहिजे, एवढीच हमी वैधता देते. आधारविधानांची जबाबदारी ती घेत नाही. म्हणून ज्याला निष्कर्ष पटत नाही तो तोच युक्तिवाद उलटा चालवतो : निष्कर्ष असत्य, म्हणून एखादे आधारविधानही असत्य. तर्काच्या दृष्टीने दोघांचेही बरोबर असते.

न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेत हा वाद व्याप्तीपाशी, म्हणजे ‘जेथे हे तेथे ते असतेच’ या नियमापाशी, येऊन ठेपतो. घट हे कार्य आहे आणि त्याला कुंभार हा कर्ता आहे. पृथ्वी, अंकुर हीदेखील कार्ये आहेत, तेव्हा त्यांनाही कर्ता असणार, असे नैयायिक म्हणतात. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याला वारुळाचा दाखला देतो. मातीला आकार आला एवढ्यावरून कुंभार मानायचा, तर वारूळही कुंभाराचेच ठरेल. पुढे नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त कार्य, आयोजन (अणू एकत्र आणणे), धृती (विश्व धरून ठेवणे) असे ईश्वरसिद्धीचे अनेक हेतू, म्हणजे आधार, मांडले. मात्र त्यांचा अधिक भेदक मुद्दा अनुपलब्धीचा, म्हणजे वस्तू न दिसण्याचा, आहे. असती तर दिसलीच असती, अशाच वस्तूबद्दल ‘दिसत नाही, म्हणून नाही’ असे म्हणता येते. जमिनीवर घट नाही हे पाहून कळते. अतींद्रिय वस्तूचा अभाव तसा कळत नाही. निरीश्वरवाद्याच्या निश्चिततेलाही ही अट लागू पडते.

श्रद्धावंत सारे ईश्वरसिद्धीच्या बाजूचे असतात, ही समजूतही खरी नाही. रामानुजाचार्यांनी ‘श्रीभाष्या’त ईश्वरविषयक अनुमाने खोडून काढली. त्यांच्या मते ईश्वराच्या बाबतीत प्रमाण एकच, शास्त्र. याउलट १८७० मध्ये रोमन कॅथलिक चर्चच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने मानवी बुद्धीच्या प्रकाशात ईश्वर निश्चितपणे जाणता येतो, असा सिद्धांतच जाहीर केला. कोणत्या युक्तिवादाने, हे मात्र सांगितले नाही!

अनुभवाचा आधार न घेता केवळ संकल्पनेतून ईश्वराचे अस्तित्व काढण्याचा प्रयत्न अकराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित अँसेल्मने केला : ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही, ते केवळ कल्पनेत असू शकत नाही. याच रीतीने सर्वांगपरिपूर्ण बेटही सिद्ध करता येईल, असे त्याच्या समकालीन गौनिलो या ख्रिस्ती भिक्षूने सुनावले. अस्तित्व हा वस्तूच्या वर्णनात भर घालणारा गुणच नव्हे, हा जर्मन तत्त्वज्ञ कांटचा आक्षेप १७८१ मधला. तरीही हा युक्तिवाद संपला नाही. विसाव्या शतकात तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलने त्याला आवश्यकता आणि शक्यता यांच्या औपचारिक तर्कशास्त्रात बसवले. तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉटने मांडलेले त्याचे रूप २०१३ मध्ये संगणकाकडून तपासून घेण्यात आले आणि ते वैध निघाले. तेव्हा गणितज्ञांनी देव सिद्ध केल्याच्या थाटाच्या बातम्या झळकल्या. तपासला गेला होता तो गृहीतकांपासून निष्कर्षापर्यंतचा मार्ग. गृहीतके खरी आहेत का, हे यंत्राला कोणी विचारले नव्हते, आणि विचारता येणारही नव्हते. पुढे संगणकानेच गोडेलच्या मूळ हस्तलिखितातील गृहीतके परस्परविसंगत असल्याचे दाखवले. स्कॉटचे रूप सुसंगत आहे, पण त्यातून जे जे सत्य ते ते अटळ, म्हणजे काहीच वेगळे घडू शकले नसते, असाही निष्कर्ष निघतो. ही किंमत फार जणांना परवडणारी नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगाच्या १९७४ मधील मांडणीत ‘अटळपणे अस्तित्वात असणारा ईश्वर शक्य आहे’ एवढे मान्य केले, की तो आहेच असे निघते. गंमत अशी, की ‘असा ईश्वर नसणे शक्य आहे’ येथून सुरुवात केली तर तेवढ्याच काटेकोरपणे तो नाही असे निघते. प्लँटिंगाने स्वतः याला सिद्धता म्हटले नाही. ही श्रद्धा बुद्धीला धरून आहे, इतकाच त्याचा दावा होता.

ब्रिटिश तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्नने १९७९ मध्ये निश्चिततेचा आग्रह सोडून सगळ्या पुराव्यांची एकत्रित संभाव्यता मांडली. पण संभाव्यतेला सुरुवातीचा आकडा, म्हणजे पुरावे पाहण्याआधीची शक्यता, लागतो, आणि तो कशावरून धरायचा? स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमच्या १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक संवादांतला आक्षेप येथे पुन्हा पुढे येतो : घरे बांधली जाताना आपण पाहिली आहेत, विश्वे घडताना नाहीत, आणि तुलनेला दुसरे विश्वही नाही.